हवा गेलेले बॉल

माळा आवरताना पिशवीची नाडी तुटली आणि स्वयंपाकघराच्या दारापासून टीव्हीच्या टेबलापर्यंत टेनिसचे बॉलच बॉल झाले. सात-आठ फुटांवरून पडलेले बॉल खरं तर टणाटण उडायला हवेत. हे कणकेचे गोळे पडावेत तसे धपधप पडले आणि सोफ्याखाली, फ्रिजमागे, चपलांच्या रॅककडे घरंगळत गेले.

लेक शाळेतून आल्यावर फरशीवर बसकण मारून तिनं ते मोजले. २१२. पाच वर्षांच्या टेनिसचे. क्लबच्या बास्केटमध्ये राहिलेले, कुंपणापलीकडे गेलेले, सोसायटीतल्या मुलांना क्रिकेटसाठी दिलेले यात धरलेलेच नाहीत. मोजून झाल्यावर एक बॉल हातात फिरवत ती म्हणाली, "आई, यातला एकही फाटलेला नाहीये."

घरातल्या वस्तू टाकायच्या वेळेला येतात तेव्हा त्यांच्याकडे बघून ते कळतं. चपलेची टाच झिजते, बादलीला चीर जाते, टीशर्टचं आधी पायपुसणं होतं आणि मग चिंधी. हे बॉल थोडे मळलेले होते, लव विरळ झालेली, वरची अक्षरं पुसट. बाकी सगळे धडधाकट. जोड शाबूत, रबर शाबूत. त्यांच्यातली हवा तेवढी गेली होती आणि तेवढ्यावरून ते बाद झाले होते. त्या संध्याकाळी मी बॉल गोळा करायचे सोडून त्यांच्यातच बसून राहिले.

टेनिस खेळणाऱ्या घरात नवीन डबा उघडण्याचं एक अप्रूप असतं. पारदर्शक प्लास्टिकचा उंच डबा, आत एकावर एक तीन बॉल, वर पत्र्याचं झाकण आणि त्याची कडी. कडी ओढली की 'फुस्स' असा आवाज येतो आणि पाठोपाठ रबराचा, नव्या लोकरीचा वास. लेक सात वर्षांची होती तेव्हा तो आवाज ऐकण्यासाठी डबा स्वतःच उघडायचा हट्ट धरायची. तो आवाज म्हणजे डब्यात कोंडलेली जादा हवा. बॉलच्या आत बाहेरच्यापेक्षा बरीच जास्त दाबाची हवा असते, आणि डब्यातही जवळपास तेवढाच दाब ठेवलेला असतो. आत-बाहेर दाब सारखा असेपर्यंत बॉलमधली हवा कुठे जात नाही. झाकण उघडलं की उलटी मोजणी सुरू.

रबर आपल्याला हवाबंद वाटतं, पण ते तसं नसतं. वाढदिवसाचा फुगा तिसऱ्या दिवशी कोपऱ्यात सुरकुतलेला सापडतो, त्याला कुठे भोक पडलेलं नसतं. हवेचे कण रबराच्या लांबलचक साखळ्यांमधून वाट काढत बाहेर पडतात. बॉलची भिंत जाड, म्हणून वेळ जास्त लागतो, एवढंच. सायकलच्या ट्यूबला वापरतात ते ब्युटाइल रबर हवा पुष्कळ चांगली धरून ठेवतं, पण त्याच्या अंगात उसळी नाही. उसळी आहे ती झाडाच्या चिकापासून केलेल्या रबरात, आणि ते हवा सोडतं. ज्या गुणासाठी ते रबर निवडायचं, त्याच्याच सोबत हा दोष घरात घ्यावा लागतो.

आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या नियमात उसळीचं माप दिलेलं आहे. बॉल २५४ सेंटिमीटरवरून कठीण, सपाट जमिनीवर सोडायचा, तो १३५ ते १४७ सेंटिमीटर वर यायला हवा. वजन ५६ ते ५९.४ ग्रॅम. २५४ हा आकडा विचित्र वाटतो, पण ते शंभर इंच आहेत. लेकीनं गॅलरीतल्या भिंतीवर टेपनं माप घेतलं, स्टुलावर उभी राहून बॉल सोडले आणि मी पेन्सिलनं खुणा केल्या. नुकत्याच उघडलेल्या डब्यातला बॉल १४० पर्यंत आला. दीड महिन्यापूर्वीचा १२२. माळ्यावरचा १०६. आमची फरशी म्हणजे काही प्रयोगशाळा नव्हे, पण तिन्ही खुणा शेजारी-शेजारी बघितल्यावर ती म्हणाली, "म्हणजे फक्त हाताएवढा फरक." खरंच, १४० पासून १०६ पर्यंत माझी दीड वीत आणि वर दोन बोटं भरली.

त्या फरकापायी स्पर्धेत बॉल बदलतात. विम्बल्डनमध्ये पहिल्या सात गेमनंतर आणि मग दर नऊ गेमनंतर नवे बॉल येतात. पंधरवड्याच्या त्या स्पर्धेला सुमारे ५५ हजार बॉल लागतात. मुलांच्या छोट्या स्पर्धेतही सामन्याला नवा डबा उघडतात, आणि ते योग्यच आहे. बसलेल्या बॉलवर जोर लावून मारताना मुलांच्या कोपराला, खांद्याला त्रास होतो. मी हे तक्रार म्हणून लिहीत नाही. खेळ त्या उसळीवरच उभा आहे.

दुसऱ्या दिवशी एक बॉल कापून बघितला. भाजीची सुरी लवेतच अडकली. शेवटी करवतीच्या पात्यानं, चिमट्यात धरून, पंधरा मिनिटांत दोन तुकडे झाले. आत काळपट राखाडी रबर, साधारण तीन मिलिमीटर जाडीचं, आणि मधोमध गोल फिरलेली एक उंच कड. दोन वाट्या जिथे जोडल्या ती जागा. त्या कडेवर मी अंगठ्यानं जोर लावला, पेचकस घालून पाहिलं. बाजूचं रबर फाटलं, जोड सुटला नाही.

तो जोड कसा होतो ते समजून घेताना मला वारंवार स्वयंपाकघरच आठवत राहिलं. कच्चं रबर दोन जड रुळांमधून मळतात. त्यात चिकणमातीची बारीक पूड, सिलिका, झिंक ऑक्साइड, मॅग्नेशियम कार्बोनेट आणि गंधक घालतात, कणीक तिंबावी तसं सगळं एकजीव होईपर्यंत. मग त्याची जाड वळी काढून सारखे गोळे कापतात. ते गोळे गरम साच्यात दाबले की इडलीपात्रात इडल्या दिसाव्यात तशा अर्ध्या गोलाच्या वाट्या तयार होतात. जादा रबर छाटतात, वाट्यांच्या कडा घासून खरखरीत करतात आणि त्यांना रबराचंच द्रावण लावतात. आता दोन वाट्या समोरासमोर. यंत्राच्या पोटात दाबाची हवा भरतात आणि त्या हवेतच वाट्या मिटतात, म्हणजे हवा आत अडकते. मग उष्णता, आणि जोड पक्का.

हवा भरायची आणखी एक रीत होती आणि ती वाचून मला फार आनंद झाला. वाटी मिटवण्याआधी आत थोडं पाणी आणि सोडियम नायट्राइट व अमोनियम क्लोराइडची चिमूट टाकायची. साच्याच्या उष्णतेनं त्यांच्यातून नायट्रोजन तयार होतो आणि बॉल आतूनच फुगतो. अमोनियम क्लोराइड म्हणजे आपला नवसागर. लहानपणी गल्लीत कल्हईवाला यायचा, भाता मारून पातेलं तापवायचा, त्यावर नवसागर टाकला की पांढरा धूर निघायचा आणि आम्ही नाक दाबून तिथेच उभे राहायचो. त्या पांढऱ्या पुडीचा टेनिसशी संबंध असेल असं कोणी सांगितलं असतं तर पटलं नसतं.

या सगळ्यात मुख्य कारागीर गंधक. रबराचा चीक नुसता वाळवला तर उन्हाळ्यात चिकट होतो आणि थंडीत कडक होऊन तडकतो. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयर या अमेरिकन माणसाच्या लक्षात आलं की गंधक घालून तापवलं तर हे दोन्ही थांबतं. गंधक रबराच्या लांब साखळ्यांना जागोजागी एकमेकींशी बांधून टाकतो. ओढलं की ताणतं, सोडलं की परत जागेवर. वॉल्टर विंगफील्डनं १८७४ मध्ये लॉन टेनिसचं पेटंट घेतलं ते या रबराच्या भरवशावर, कारण आधीचे चेंडू गवतावर उडतच नसत. फ्रान्सच्या अकराव्या लुईनं १४८० मध्ये फर्मान काढलं होतं की चेंडू चांगल्या चामड्याचे आणि लोकरीनं भरलेले असावेत, आत वाळू, खडू, भुसा भरायचा नाही. ते चेंडू दगडी भिंतींच्या आणि फरशीच्या कोर्टात चालायचे. फेकून दिले तर कुजत असणार. चामडं आणि लोकर, दुसरं होतं काय त्यात?

गंधकानं बांधलेलं रबर मात्र परत सहजासहजी सोडवता येत नाही. प्लास्टिकची बाटली वितळवून दुसरं काहीतरी ओतता येतं. हे रबर तापवलं तर वितळत नाही, जळतं. अंड्याचं आम्लेट झाल्यावर त्याचं पुन्हा अंडं होत नाही, तसं.

बाहेरच्या कापडाची गोष्टही अशीच. त्याला नमदा म्हणायला हरकत नाही, मात्र नुसती दाबून केलेली लोकर तिथे टिकत नाही. चांगल्या बॉलचं कापड आधी विणतात आणि मग पाण्यात, साबणात कुटून-रगडून दाट करतात, म्हणजे वीण दिसेनाशी होते. घोंगडी वापरून आणि भिजून जशी घट्ट होत जाते, तेच इथे यंत्रानं मुद्दाम करतात. फरक असा की घोंगडी निव्वळ मेंढीची. चिंचोक्याची खळ लावून धनगराघरच्या माणसांनी विणलेली आणि शेवटी शेतात कुजून जाणारी. बॉलच्या कापडात लोकरीसोबत नायलॉन असतं, पाठीला सूत. नायलॉनमुळे कापड जास्त मार सोसतं. त्या कापडाचे डमरूच्या आकाराचे तुकडे कापतात, एका बॉलला दोन. कडांना रबराचं द्रावण लावून ते एकमेकांत अडकवून बॉलभर गुंडाळतात आणि पुन्हा गरम साच्यात. बॉलवर जी पांढरी वळणदार रेघ दिसते तिला आपण शिवण म्हणतो, पण तिथे टाका एकही नाही. ते कडांचं रबरच शिजून वर आलेलं असतं. शेवटी वाफ देतात, चपटी झालेली लव फुलून वर येते, छाप मारतात आणि बॉल डब्यात जातो.

रंगाचं थोडक्यात सांगते. पिवळा बॉल १९७२ मध्ये महासंघानं मान्य केला, रंगीत टीव्हीवर पांढरा नीट दिसत नव्हता म्हणून. विम्बल्डननं पांढरा सोडला १९८६ मध्ये.

विम्बल्डनचा बॉल म्हटलं की डोळ्यांसमोर इंग्लंड येतं. १९०२ पासून तिथे स्लॅझेंजर कंपनीचे बॉल आहेत आणि पूर्वी ते यॉर्कशरमधल्या बार्न्सलीला बनायचे. २००२ च्या सुमारास ते काम फिलिपिन्समधल्या बातानला गेलं. वॉरिक बिझनेस स्कूलच्या मार्क जॉन्सन यांनी २०१४ मध्ये या बॉलचा प्रवास मोजला. चिकणमाती अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनाची, सिलिका ग्रीसची, मॅग्नेशियम कार्बोनेट जपानचं, झिंक ऑक्साइड थायलंडचं, गंधक दक्षिण कोरियाचा, रबर मलेशियाचं. लोकर न्यूझीलंडहून निघते ती इंग्लंडमधल्या स्ट्राउड गावी, तिथे तिचं कापड होतं आणि कापड जातं बातानला. बॉल तयार झाला की परत इंग्लंडला. सगळ्या वाटा मिळून ५० हजार मैलांच्या वर, म्हणजे ८० हजार किलोमीटर. पृथ्वीला दोन प्रदक्षिणा.

या यादीतलं स्ट्राउड माझ्या मनातून जात नाही. ब्रिटिश शिपायांच्या लाल डगल्यांच्या कापडासाठी ज्याच्या गिरण्या प्रसिद्ध होत्या, ते हे खोरं. पुढे स्नूकरच्या टेबलाचं हिरवं कापड आणि टेनिसचं पिवळं. तिथल्या झऱ्यांचं पाणी, कापड रगडण्याचं पिढ्यान्‌पिढ्यांचं कसब, हे जहाजात घालून हलवता येत नाही, म्हणून मेंढीची लोकर अर्धं जग ओलांडून तिथे जाते. मला यात अपव्ययही दिसतो आणि कारागिरीचा मानही दिसतो, आणि या दोन्हींपैकी एक खोटं ठरवायची माझी तयारी नाही.

रबर मात्र मी डोळ्यांनी पाहिलंय. माझं माहेर सावंतवाडीचं, मामाचं घर दोडामार्गाकडे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत तिथल्या डोंगरउतारांवर रबराच्या बागा उभ्या राहिल्या. केरळहून आलेल्या शेतकऱ्यांनी जमिनी घेतल्या, मेहनत केली, आणि त्यांचं पाहून काही गाववाल्यांनीही रोपं लावली. एकदा पहाटे मी मामाबरोबर शेजारच्या बागेत गेले होते. अजून उजाडायचं होतं. कपाळाला बॅटरी बांधलेला माणूस एकेका झाडापाशी थांबायचा, वाकड्या सुरीनं सालीची पातळ तिरपी फीत काढायचा आणि पुढे जायचा. मागे पांढरा चीक त्या तिरप्या चरातून ओघळत करवंटीत थेंबथेंब पडायचा. उन्हं वर आली की झाडाच्या अंगातला दाब उतरतो आणि धार आटते, म्हणून हे काम अंधारातच. रोप लावल्यावर पहिला चीक मिळायला सात वर्षं. एका झाडावर साधारण दिवसाआड काप. पावसाळ्यात चर भिजू नये म्हणून झाडाच्या कमरेला प्लास्टिकचा घागरा.

गोळा केलेल्या चिकात फॉर्मिक आम्ल घालून तो नासवतात, दुधाचं पनीर करावं तसा. रुळांतून दाबून त्याच्या चादरी करतात आणि धुराच्या खोलीत टांगतात. मामाच्या अंगणापर्यंत तो आंबूस-धुरकट वास यायचा. त्या दिवशी उजाडल्यावर बागेत मला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं, पण काय ते कळेना. मामाच म्हणाला, "पयला हय सगळा रान होता गो. आता पाखरू पण वरडणा नाय." एकसारखी झाडं, ओळीत, खाली पाचोळा. सावंतवाडी-दोडामार्गचा हा पट्टा वाघ आणि हत्तींच्या येण्याजाण्याची वाट आहे. इथल्या वृक्षतोडीवर मुंबई उच्च न्यायालयानं २०१३ मध्ये बंदी घातली, तरी झाडं पडायची थांबली नाहीत.

दोडामार्गचं रबर विम्बल्डनला जात नाही. जगातलं बहुतेक रबर टायरमध्ये जातं, टेनिसच्या वाट्याला येतो तो चिमूटभर हिस्सा. रानतोडीचा दोष मी लेकीच्या बॉलवर टाकत नाही. पण बॉल हातात घेतला की आता मला तो बॅटरीवाला माणूस आणि ती मुकी बाग आठवते. रबर कुठल्याही देशातलं असलं तरी कुणीतरी पहाटे उठून ते थेंबाथेंबानं गोळा केलंय. सात वर्षं वाट पाहून मिळालेला चीक आपण दीड महिना वापरतो.

पिशवीचं काय करायचं याचा शोध मी घरापासूनच सुरू केला. सासूबाईंच्या वॉकरच्या मागच्या दोन पायांना दोन बॉल लागले. ब्लेडनं फुलीसारखा छेद द्यायचा आणि पाय आत खुपसायचा, फरशीवर करकर वाजत नाही. एक माझ्या टाचेसाठी. सकाळी उठल्यावर पाय टेकवत नव्हता तेव्हा फिजिओथेरपिस्टनं बॉल तळव्याखाली फिरवायला सांगितला होता. शेजारच्यांच्या कुत्र्याला द्यायला निघाले होते, पण प्राण्यांचे डॉक्टर सांगतात की या लवेत माती आणि रेती धरून राहते आणि सतत चावून कुत्र्यांचे दात झिजतात. तो बेत सोडला.

क्रिकेटची मुलं सगळ्यात चांगली गिऱ्हाइकं. आपल्याकडे हा बॉल टेनिसपेक्षा क्रिकेटचाच आहे. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत टेनिस बॉलच्या क्रिकेट स्पर्धा मांडव घालून, रात्री दिवे लावून होतात, आणि आता त्याची लीगसुद्धा झाली आहे. पण त्यांच्या हौसेलाही शेवट असतो. लव जाऊन बॉल टकला होतो, मग एखाद्या जोरदार फटक्याला चिरतो. पावसाळ्यानंतर सोसायटीमागचा नाला साफ केला तेव्हा गाळाच्या ढिगात मी असे अकरा बॉल मोजले. ओळखीचा पिवळा रंग जाऊन ते शेवाळी झाले होते, गोलपणा तेवढा तसाच.

कचरा न्यायला येणाऱ्या मावशींना पिशवी दाखवली. त्यांनी एक बॉल दाबून बघितला आणि परत दिला. "ह्याला कोण घेत न्हाई, ताई. रबर म्हणावं तर वर कापड चिकटलंय, कापड म्हणावं तर आत रबर. भंगारवाला हातबी लावीत न्हाई."

पुनर्वापराचा अख्खा प्रश्न त्यांनी उभ्या-उभ्या सांगितला. कापड सुटू नये म्हणून दीडशे वर्षं माणसांनी डोकं लावलंय, आणि ते सुटत नाही म्हणून आता भंगारवाला हात लावत नाही. जगात दरवर्षी ३० कोटींहून जास्त टेनिस बॉल बनतात असा अंदाज आहे. एक बॉल ५८ ग्रॅमचा धरला तर सतरा हजार टनांच्या वर. कुजायला चारशे वर्षं लागतात असं सगळीकडे छापलेलं असतं. गंधकानं बांधलेलं रबर जगात येऊनच अजून दोनशे वर्षं झालेली नाहीत, त्यामुळे चारशेपर्यंत कोणी मोजून बघितलेलं नाही. नाल्यातले अकरा बॉल पाहिल्यावर मला त्या आकड्याची गरजही उरली नाही.

आणि सगळा बॉल काही कचऱ्यात जात नाही. थोडा-थोडा कोर्टवरच राहतो. सकाळी क्लबमध्ये मार्कर, म्हणजे कोर्टची देखभाल करणारे, कोर्ट झाडतात तेव्हा जाळीच्या कडेला, कुंपणाच्या तळाशी पिवळसर लव गोळा झालेली दिसते, पिंजलेल्या कापसासारखी. एकदा मी ती मूठभर उचलून घरी आणली आणि जाळून पाहिली. काही तंतूंना केस जळल्याचा वास आला, ती लोकर. काही वितळून त्यांचे कडक मणी झाले, ते नायलॉन. पहिल्या मोठ्या पावसात ही लव कोर्टच्या गटारातून जाते, गटार नाल्यात, नाला मुठा नदीत. मार्करना विचारलं तर म्हणाले, "रोज भरतो की एक सुपली, ताई." मी त्यांना ती गटारात न लोटता पिशवीत भरून ठेवायची विनंती केली. ते आता ठेवतात. त्या पिशवीचं पुढे काय करायचं, ते आम्हा दोघांनाही अजून सुचलेलं नाही.

बाहेर काही लोक मनापासून काम करताहेत. फ्रान्सच्या टेनिस महासंघानं २००९ पासून क्लबांमधून जुने बॉल गोळा करायला सुरुवात केली. ते दळून त्यांच्यापासून खेळाच्या जागेची मऊ जमीन करतात आणि ती मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थांना देतात. शंभर चौरस मीटरला सुमारे ४० हजार बॉल लागतात. अमेरिकेत व्हर्मॉंटमध्ये २०१६ मध्ये सुरू झालेली रीसायकलबॉल्स ही संस्था कापड आणि रबर यंत्रानं वेगळं करते. विल्सन कंपनीनं २०१९ मध्ये असा बॉल आणला की त्याला दाबाचा डबा लागत नाही, पुठ्ठ्याच्या खोक्यात येतो. इंग्लंडमध्ये २००१ मध्ये विम्बल्डनचे वापरलेले बॉल भोक पाडून काठ्यांवर लावले होते, गवतात घरटं करणाऱ्या इवल्याशा उंदरांना राहायला. ही शेवटची गोष्ट सगळ्यांना फार आवडते, मलाही आवडली. पण ५५ हजार बॉलना पुरतील एवढे उंदीर कुठून आणणार?

मला फ्रान्सची रीत सगळ्यात पटते, कारण तिथे बॉल वाया जात नाहीत. क्लबमध्ये पेटी, मग दळण, मग मुलांच्या पायाखाली जमीन. पुण्यात एवढी कोर्टं आहेत, बालेवाडीला २०१८ ते २०२३ या काळात पाच वेळा एटीपीची, म्हणजे पुरुष व्यावसायिक खेळाडूंची, स्पर्धा झाली, रबराचा चुरा वापरून मैदानं करणारे कारखाने आपल्याकडे आहेत. मी आमच्या आणि ओळखीच्या दोन क्लबांत पेटी ठेवायची का म्हणून विचारलं आहे. एक खोकं आलंय, लेकीनं त्यावर रंगानं 'बसलेले बॉल' असं लिहिलंय. पहिल्या आठवड्यात ते भरलं.

आणि आम्ही एक नळकांडं घेतलं. जाड प्लास्टिकचं, फिरकीच्या झाकणाचं, सायकलच्या पंपानं हवा भरता येईल असा व्हॉल्व्ह असलेलं. त्यात चार बॉल मावतात. तत्त्व सोपं आहे. बॉलच्या बाहेर आतल्यापेक्षा जास्त दाब ठेवला तर ज्या वाटेनं हवा गेली त्याच वाटेनं हळूहळू परत येते. रबर दोन्हीकडून तितकंच सच्छिद्र. त्याचा जो दोष म्हणून मी वर सांगितला, तो इथे उपयोगी पडतो.

पिशवीतले त्यातल्या त्यात चांगले चार बॉल निवडून आम्ही आत घातले. लेक दर दोन-तीन दिवसांनी पंप मारून दाब बघायची. तीन आठवड्यांनी रविवारी सकाळी तिनं झाकण फिरवलं आणि फुस्स झालं. ती माझ्याकडे बघून हसली, सात वर्षांची असताना हसायची तशी. स्टूल आणलं, २५४ च्या खुणेवरून बॉल सोडला, पुन्हा सोडला, असं सहा वेळा. मी भिंतीशी डोळा लावून उकिडवी बसले होते. १२७. पूर्वी १०६ होता. स्पर्धेला चालणार नाही, सरावाला छान चालेल.

तिनं भिंतीवर खूण करून तारीख घातली आणि तोंडानं हिशोब करायला लागली. एक कापला, दोन आजीच्या वॉकरला, एक आईच्या टाचेखाली, उरले २०८. एका वेळी चार, म्हणजे ५२ फेऱ्या. प्रत्येक फेरीला तीन आठवडे.

"तीन वर्षं," ती म्हणाली. "तोपर्यंत मी दहावीला असेन." आणि पिशवीत हात घालून पुढचे चार बॉल काढले.